व्यसनोपचार-सेवा व सहयोगी यंत्रणा

मद्य, अफू व तज्जन्य द्रव्ये, गांजा, झोपेच्या गोळ्या इत्यादींच्या आहारी गेलेल्या व्यक्तीवर त्या विषयातील जाणकार डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक यांनी उपचार करण्याची व्यवस्था, आणि तिच्याशी सांधा जुळवून काम करणारी सार्वजनिक रुग्णालये, न्यायालये, कारखान्यांची कामगार-कल्याण खाती, स्वयंसाहाय्य गट इत्यादींचा परिवार. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र होय.

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून ब्राउन शुगरचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘गर्द’चा, फैलाव झाला, तेव्हा गर्दुल्ल्यांमध्ये वावरून अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे अर्थसाहाय्य देऊ केले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी नोकरीत असलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी त्याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. जागा सरकारी, पैसा लोकांचा आणि विद्या वैद्यकाची, अशी ही संस्था जन्मतःच भागीदारीची होती. पुढे स्वतंत्र वास्तू लाभल्यावरही तिचा हा स्वभाव पालटला नाही. येथील निवासी उपचारांची मुदत सुमारे ३५ दिवसांची असते. एवढ्या अवधीत शरीरातील विष उतरते, भूक व झोप ठिकाणावर येते, समूहात बोलण्याचा संकोच मोडतो. परंतु थकलेले भाडे, तुटलेली नोकरी आणि विटलेले घर मात्र दाराबाहेर जसेच्या तसे उभे असते, आणि तेथे एकट्या तज्ज्ञसेवेची मात्रा चालत नाही.

या सेवेचा सर्वांत निकटचा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत उपेक्षित, संबंध सर्वसाधारण रुग्णालयाशी येतो. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया-कक्षात दाखल झालेला, रोज पिणारा पण दाखल होताना ‘कधीतरी घेतो’ एवढेच सांगणारा इसम दोन दिवस शांत असतो; तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, अंगाला घाम सुटतो, भिंतीवर नसलेले किडे त्याला दिसू लागतात, तो सलाइनची नळी उपसून खाटेवरून उतरू पाहतो, आणि नातेवाईक भुलीचे औषध डोक्यात गेले असे समजून धास्तावतात. वस्तुतः मद्य अकस्मात तुटल्यामुळे उद्भवलेला हा उन्माद असून वेळीच न ओळखल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णाला केवळ ग्लुकोज न चढवता आधी थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा पहिला प्रकार, टोचावे, ही साधी दक्षता पाळली न गेल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका संभवतो. मनोविकारतज्ज्ञाला त्या कक्षात बोलावणे धाडण्याची रीत जेथे रुळली आहे तेथे तो रुग्ण हाड सांधून झाल्यावर व्यसनोपचाराकडे वळण्याचा संभव राहतो. जेथे नाही तेथे दाखल्यावर फक्त हाडाची नोंद होते आणि तो परत गुत्त्याकडे जातो.

कायद्यानेही अशा दुव्याची तजवीज केली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमातील कलम ६४ अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा (हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅम, गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंत) आरोप असलेला व्यसनी शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेईल तर त्याला खटल्यापासून अभय मिळते, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. ही मुभा कागदावर उदार असली तरी ती आरोपीच्या कानी घालणारा कोणी नसेल तर ती असून नसल्यासारखीच.

कारखान्यांचा भाग वेगळा. कामगाराचे खाडे वाढले की कल्याण अधिकारी प्रथम मेमो देतो, नंतर समजावतो, आणि बडतर्फीऐवजी उपचारासाठी रजा मंजूर करतो. नोकरी जाण्याचे भय आणि ती टिकण्याची आशा या दोहोंचा एकत्र जो परिणाम होतो, तो पुष्कळदा नुसत्या उपदेशाने होत नाही. केंद्रातून परतल्यावर १९३५ मध्ये अमेरिकेत उगम पावलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या स्वयंसाहाय्य गटाच्या सभा, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने चालविलेला ‘सहचरी’ गट, यांचा आधार असतो.

शासनाच्या बाजूस मात्र खात्यांची फाटाफूट दिसते. स्वयंसेवी केंद्रांना अनुदान सामाजिक न्याय खाते देते, रुग्णालयांतील विभाग आरोग्य खात्याकडे, तर सुईने अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांना एच.आय.व्ही.पासून वाचविण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळ्यांची योजना एड्स नियंत्रण संघटनेकडे. आणि मद्यावरील महसूल गोळा करणारे उत्पादन शुल्क खाते या सर्वांहून संपन्न! दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मद्याच्या पूर्ण अधीन झालेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाचे साहाय्य मिळाल्याचे आढळले. तेव्हा खास केंद्रे कितीही काढली तरी तालुक्याच्या दवाखान्याला या कामातून वगळून चालणार नाही, हे उघड आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व अमली द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा अंतर्भाव मानसिक आजारात केला, आणि त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रेही त्याच्या नियमांच्या कक्षेत आली. रुग्णांना कोंडून मारहाण करणाऱ्या बनावट केंद्रांच्या तक्रारी पाहता हे आवश्यकच होते. त्यातून एक पेच मात्र उभा राहिला: प्रौढ रुग्णाला दाखल करून घेण्यास सामान्यतः त्याची स्वतःची संमती लागते, आणि घरच्यांनी चौघांकरवी उचलून आणलेला माणूस दारातच ‘मी पीतच नाही’ म्हणून हटून बसतो. अशा वेळी जाणता समुपदेशक नातेवाइकांना बाहेर बसवून, स्वतः कधीकाळी व्यसनात असलेल्या एखाद्या जुन्या रुग्णमित्राला आत बोलावतो, आणि पुष्कळदा त्याच्याशी झालेल्या बोलण्यानंतरच दाखल होण्याच्या अर्जावर सही होते.