पात्मॉसच्या शाळेतून काशीच्या घाटाकडे

एजियन समुद्रातील एखाद्या शांत ग्रीक बेटावर आठ-दहा दिवस काढावेत, असा बेत आमच्या घरात गेले काही महिने शिजतो आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. आम्ही उभयतांनी तिकडे यावे आणि सर्वांनी मिळून कुठेतरी निवांत राहावे, अशी त्यांची इच्छा. सौ.ची अट एकच होती : गर्दी नको. सूनबाईंनी सांतोरिनीची छायाचित्रे दाखवली, त्यांत पांढऱ्या घरांपेक्षा त्यांच्यापुढे उभी असलेली माणसेच अधिक दिसत होती. मग मी नकाशावर बोट ठेवले ते पात्मॉसवर. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचे जेमतेम चौतीस चौरस किलोमीटरचे, तीनेक हजार वस्तीचे बेट. तेथे विमानतळ नाही. पिरेयसच्या बंदरातून निघालेल्या बोटीला तेथे पोहोचण्यास सात-आठ तास लागतात आणि कित्येकदा ती अपरात्री धक्क्याला लागते. ज्याला खरोखरच जायचे आहे तोच जातो, आणि शांततेची निम्मी हमी तेथेच मिळते.

परंतु खरे कारण निराळे होते आणि ते मी घरात जरा उशिरा उघड केले. पात्मॉस हे नाव मला सहलीच्या पुस्तकातून ठाऊक झालेले नाही. ते ठाऊक झाले काशीच्या इतिहासातून. तेथील एका शाळेत शिकलेला एक ग्रीक विद्यार्थी पुढे काशीत चाळीस वर्षे राहिला, तेथेच संस्कृत शिकला आणि तेथेच देह ठेवून गेला. पिढ्यान्पिढ्या मुळापासून दूर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही कथा परकी वाटू नये.

आधी बेटाविषयी. रोमन काळात ते हद्दपारीची जागा होते. सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत, इ. स. ९५च्या सुमारास, योहान नावाच्या ख्रिस्ती संताला तेथे धाडले आणि एका गुहेत त्याला जे दर्शन घडले ते ‘प्रकटीकरण’ या ग्रंथात उतरले, अशी परंपरा आहे. पुढे समुद्री चाच्यांच्या भयाने बेट ओस पडले. इ. स. १०८८ मध्ये ख्रिस्तोडूलोस नावाच्या साधूने बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस याच्याकडून ते मागून घेतले. आशिया मायनरमधील त्याचा मठ सेल्जुक तुर्कांच्या धामधुमीत सोडावा लागला होता. कॉस बेटावर त्याने नव्याने बस्तान मांडले होते, पण तेथील संसारी गजबज त्याला मानवेना. कॉसवरील जमिनी देऊन त्याने हे उजाड खडकाळ बेट पत्करले. सम्राटाने सोन्याच्या मुद्रेची सनद दिली : संपूर्ण बेट मठाचे, सर्व कर माफ, सरकारी अंमलदाराने पाऊल ठेवायचे नाही. आपल्याकडील अग्रहाराची किंवा सर्वमान्य इनामाची सनद ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. ती मूळ सनद आजही मठाच्या संग्रहालयात पाहावयास मिळते.

या साधूची शांततेची कल्पना फार कडक होती. बेटावर स्त्रिया नकोत, मुले नकोत, बाजार नको. मात्र मठ बांधायला गवंडी हवेत, आणि गवंड्यांनी बायकामुलांवाचून राहण्यास साफ नकार दिला. अखेर बेटाच्या एका टोकाला त्यांच्या कुटुंबांना राहू द्यावे, पण त्यांनी ठरावीक रेषा ओलांडू नये, अशी तडजोड झाली. (हे ऐकून सौ. म्हणाल्या, ‘‘म्हणजे बेट वसवलं ते गवंड्यांच्या बायकांनीच!’’ मला हे अमान्य करता आले नाही.) खुद्द ख्रिस्तोडूलोसलाही चाच्यांमुळे बेट सोडावे लागले. इ. स. १०९३ मध्ये युबिया बेटावर त्याचा अंत झाला आणि शिष्यांनी त्याचा देह पुन्हा पात्मॉसला आणला.

मठाच्या तटाभोवती हळूहळू ‘खोरा’ हे गाव वाढले, ते बाहेरून आलेल्यांमुळेच. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले तेव्हा तेथील कुटुंबे येथे आश्रयाला आली आणि त्यांचा स्वतंत्र मोहल्ला झाला. १६६९ मध्ये क्रीटमधील कँडिया तुर्कांनी घेतले तेव्हा तेथील निर्वासित आले. त्यांची वस्ती ‘क्रीतिका’ म्हणून ओळखली गेली. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या आळ्यांप्रमाणे, माणसे कोठून आली ते येथे पत्त्यातच लिहिलेले असते. मधल्या काळात, १५३७ पासून, बेट तुर्की अमलाखाली गेले होते. खंडणी भरली की फारसा उपद्रव नसे. उलट १६५९ मध्ये बेट लुटले ते व्हेनिसच्या मोरोसिनीने, म्हणजे स्वधर्मीयानेच.

१७१३ मध्ये पात्मॉसच्याच मकारिओस कालोगेरास या विद्वानाने योहानाच्या गुहेलगत एक शाळा सुरू केली. मोठ्या पदाची संधी असताना तो गावी परतला आणि १७३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवीत राहिला. व्याकरण, प्राचीन ग्रीक ग्रंथ, तर्क, धर्मशास्त्र असा तेथील पाठ. तुर्की साम्राज्यात ग्रीक विद्या टिकवून धरणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक ठरले आणि दूरदूरचे विद्यार्थी बोटींतून येऊ लागले. त्यांतला एक दिमित्रिओस गालानोस.

गालानोसचा जन्म १७६०चा, अथेन्सचा. अथेन्स तेव्हा एक लहानसे तुर्की गाव होते. तेथे आणि मग मेसोलोंगी येथे शिकून तो पात्मॉसला आला आणि डॅनियल केरामेव्स या गुरूपाशी सुमारे सहा वर्षे राहिला. तेथून कॉन्स्टँटिनोपलला. तेथे त्याचा काका कैसरियाचा धर्मप्रमुख होता. पुतण्याने धर्मपीठाच्या सेवेत यावे ही काकांची अपेक्षा. पुतण्याला तो मार्ग नको होता.

त्याच सुमारास कलकत्त्यातील ग्रीक व्यापाऱ्यांना आपल्या मुलांसाठी एक शिक्षक हवा होता. ही मंडळी कलकत्ता आणि ढाका येथे व्यापारात स्थिरावली होती. १७८१च्या सुमारास कलकत्त्यात त्यांचे स्वतःचे देऊळही उभे राहिले. पैसा झाला, देऊळ झाले, पण मुले बापाची भाषा विसरत चालली, तेव्हा देशाकडून मास्तर आणावा लागला. हे वाक्य लिहिताना मला आपल्या कित्येक मंडळांच्या जुन्या कार्यवृत्तांची आठवण झाली. त्यांतही क्रम हाच असतो : आधी गणपती, मग वाचनालय, आणि मग मराठी शाळेला शिक्षक मिळेना म्हणून पुण्याला पत्र. गालानोस १७८६ मध्ये कलकत्त्यास पोहोचला, सहा-सात वर्षे त्याने मुलांना ग्रीक शिकवले, आणि शिल्लक पडलेले पैसे व्यापारात गुंतवून १७९३ मध्ये तो काशीला गेला. त्यानंतर अखेरपर्यंत त्याने काशी सोडली नाही.

ती काशी कशी होती हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अहिल्याबाईंनी उभारलेले विश्वेश्वराचे नवे देवालय तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते आणि स्वतः अहिल्याबाई हयात होत्या. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या भागांत दक्षिणी शास्त्र्यांची घरे होती. बाजीरावाचे दत्तक बंधू अमृतराव पेशवे यांचा शेवटचा काळही याच नगरात गेला. १८२४ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले. त्याच वर्षांत त्याच गावात हा ग्रीक पंडितांसारखा वेष करून पंडितांपाशी बसून शिकत होता. कंपनी सरकारचे विद्वान साहेबही तेव्हा संस्कृत शिकत होते, परंतु त्यांच्या पाठीशी राज्य होते. गालानोसपाशी तसले काही नव्हते. शेजारी म्हणून राहून शिकणे एवढाच मार्ग त्याला मोकळा होता, आणि माझ्या मते त्याच्या कामाचे मोल त्यातच आहे.

त्याने संस्कृतातून थेट ग्रीकमध्ये भाषांतरे केली : भर्तृहरी, चाणक्याची नीतिवचने, जगन्नाथ पंडिताचा भामिनीविलास, अमरचंद्राचे बालभारत, भगवद्‌गीता, रघुवंश, हितोपदेश आणि देवीमाहात्म्य. वामन पंडितांनी जो भर्तृहरी मराठीत आणला, तोच हा मनुष्य प्लेटोच्या भाषेत नेत होता. हयातीत यांतले जवळजवळ काहीच ग्रंथरूपाने निघाले नाही. ३ मे १८३३ रोजी तो काशीत वारला. मालमत्तेचा अर्धा वाटा त्याने पुतण्याला ठेवला, आणि उरलेला वाटा व सारी हस्तलिखिते अथेन्समधील विद्येच्या कामासाठी पाठवली. ग्रीस स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. जे स्वतंत्र अथेन्स त्याने कधी पाहिले नाही त्याच्यासाठी ही तजवीज होती. १८४५ ते १८५३ या काळात अथेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख टिपाल्डोस यांनी ती भाषांतरे सात खंडांत छापली. काशीतील जुन्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. त्याचे स्नेही मुन्शी शीतलसिंग यांनी तीवर शोकलेख कोरविला आणि त्यात त्याला या शतकाचा प्लेटो म्हटले.

या प्लेटोच्या नावापाशी मी नेहमी अडखळतो, कारण खरा प्लेटो पात्मॉसवर होता आणि तो गेला. इ. स. ८९५ मध्ये, अरेथास नावाच्या विद्वानासाठी (पुढे तोही कैसरियाचाच धर्मप्रमुख झाला) चर्मपत्रावर लिहिलेली प्लेटोच्या चोवीस संवादांची पोथी मठाच्या ग्रंथालयात होती. जगातील प्लेटोच्या जुन्यात जुन्या पोथ्यांपैकी ती एक. गालानोस गुहेजवळच्या शाळेत शिकत होता तेव्हा चढावरच्या मठात ती पडून होती. १८०१ मध्ये केंब्रिजचा एडवर्ड डॅनियल क्लार्क हा प्रवासी बेटावर आला. ग्रंथालयात त्याला छापील पुस्तके नीट मांडलेली आणि चर्मपत्राच्या पोथ्या मात्र अस्ताव्यस्त टाकलेल्या दिसल्या. त्याने मठाधिपतीशी सौदा करून प्लेटोसह काही पोथ्या विकत घेतल्या. १८०९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने त्या घेतल्या आणि प्लेटोची ती पोथी आज क्लार्कच्या नावाने ओळखली जाते. चोरी म्हणता येणार नाही, पैसे मोजले होते. पुढच्याच वर्षी मठाने ग्रंथालयाच्या दारावर, या पोथ्या सोन्याहून अधिक जपाव्यात अशा आशयाचा लेख लावला.

क्लार्कवर रागावणे सोपे आहे. मी त्याच्यावर रागावत असे, तोवर आमच्याच आजोळच्या वाड्याची वाटणी झाली. माळ्यावर मोडी कागदांचे अकरा रुमाल होते. वाचता कुणालाच येत नव्हते, मी इतिहासाचा शिक्षक असूनही मलाही धड नाही. ते ‘पुढे पाहू’ म्हणून एका कोठीत ठेवले गेले आणि दोन पावसाळ्यांनंतर त्यांतले तीन हाती लागले. बाकीच्यांना वाळवी लागली होती. एखादा क्लार्क त्या वेळी दारात आला असता, तर ते आज कुठल्या तरी परदेशी ग्रंथालयाच्या कपाटात का होईना, असते. वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर असे रुमाल अजून शिल्लक असतील, त्यांनी यंदाचा पावसाळा लागण्यापूर्वी एकदा शिडी लावावी, एवढी विनंती आहे.

पात्मॉसच्या मठाने मात्र उरलेले जपले. जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेल्या सहाव्या शतकातील शुभवर्तमानाची तेहतीस पाने तेथे आहेत. शाळेचे दैव इतके सरळ नव्हते. १९१२ मध्ये इटलीने ही बेटे घेतली आणि पुढे शाळांतून इटालियन सक्तीची केली, तेव्हा पात्मॉसची शाळा बंद पडली. सीमाभागातील वाचकांना यावर अधिक भाष्य नको. महायुद्धानंतर बेटे ग्रीसला मिळाली, १९४८ मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले आणि शाळाही पुन्हा भरू लागली. १९९९ मध्ये खोरा, मठ आणि गुहा यांना युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत स्थान दिले.

आता बेताविषयी. ईस्टरच्या आठवड्यात खोराच्या चौकात पाय धुण्याचा सोहळा होतो, तेव्हा आणि ऑगस्टच्या मध्यास मरियमच्या सणाला बेट भरून जाते. जुलै-ऑगस्टात उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा बोटींचे वेळापत्रक विस्कटतो. म्हणून सप्टेंबरचा उत्तरार्ध पक्का केला आहे. आधी अथेन्समध्ये दोन दिवस. तेथील राष्ट्रीय ग्रंथालय आता समुद्राजवळच्या नव्या वास्तूत गेले आहे आणि गालानोसचे कागद त्याच्या संग्रहात आहेत. ते पाहण्याची परवानगी मागणारे पत्र चिरंजीवांनी लिहून दिले, मी सही केली. मग पिरेयसहून बोट. उतरायचे स्काला बंदरात, राहायचेही तेथेच, कारण खोरात जागा महाग आणि चढ फार. मोठ्या प्रवासी जहाजांतून येणारी मंडळी सकाळी मठ पाहून दुपारी परततात. आम्ही गुहेकडे अगदी लवकर जावे किंवा मठाची दुपारची वेळ असेल त्या दिवशी जावे. स्कालाहून वर जाणारी जुनी फरसबंदी वाट अजून आहे आणि गुहा साधारण मध्यावर येते. तेथपर्यंत मी पायी जाणार, विद्यार्थी त्याच वाटेने जात असत. सौ. नातवासह बसने वर येतील.

त्याआधी दिवाळीनंतर काशीला जाण्याचे ठरले आहे. सौ.च्या मावशींचे बिऱ्हाड अजून ब्रह्माघाटावर आहे. त्यांना फोनवर विचारले, ‘‘मावशी, तिकडच्या जुन्या दफनभूमीत कधी कुणी ग्रीक माणसाची समाधी पाहिली आहे का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाहिली नाही रे, पण तुम्ही या, धाकट्याला घेऊन आपण शोधू.’’