ओनेसिमसच्या दंडावरचा व्रण

एप्रिल १७२१मध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्या जहाजातून बोस्टनमध्ये देवीची साथ उतरली. अकरा हजारांच्या आसपास वस्ती. त्यातल्या निम्म्या लोकांना देवी आल्या, आठशेहून अधिक दगावले.

साथीवरचा एक उपाय कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला आधीच कळला होता. चर्चच्या मंडळींनी १७०६मध्ये त्याला ओनेसिमस नावाचा आफ्रिकी गुलाम भेट दिला होता. तुला देवी येऊन गेल्या का, असं मॅदरने विचारलं, तर तो म्हणाला, हो आणि नाहीही. मग त्याने दंडावरचा व्रण दाखवला. त्याच्या मुलखात देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आत घालत. थोडा ताप, मोजके फोड, आणि पुन्हा देवी येत नसत. तुर्कस्तानातल्या अशाच रीतीबद्दल मॅदरने पुढे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वाचलं आणि त्याची खात्री पटली.

साथ येताच त्याने डॉक्टरांना गळ घातली. तयार झाला एकटा झॅब्डिएल बॉयल्स्टन. २६ जूनला त्याने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला, जॅक या गुलामाला आणि जॅकच्या लहानग्याला टोचलं. मालकापुढे नाही म्हणायची जॅकला सोय नव्हती, हे इथे सांगितलंच पाहिजे.

गाव पेटलं. रोग देवाच्या इच्छेने येतो, त्यात माणसाने हात घालू नये. धडधाकट माणसाला वैद्य लागत नाही, हे तर येशूचेच शब्द. आणि निरोग्याला रोग देणं म्हणजे ‘खून करू नकोस’ या आज्ञेचा भंग, असं विरोधकांचं म्हणणं. मॅदरची बाजू तीच आज्ञा उलट फिरवून सांगे: जीव वाचवायचं साधन देवानेच दाखवलं असताना ते नाकारणं हाच खून. नवल म्हणजे बोस्टनचे प्रमुख धर्मोपदेशक टोचण्याच्या बाजूने होते आणि गावातला एकमेव पदवीधर डॉक्टर, विल्यम डग्लस, विरोधात. देवीचं बीज टोचून साथ आणखी पसरेल, ही त्याची भीती रास्त होती. पण आफ्रिकी माणसांच्या साक्षीची त्याने केलेली टवाळी मला आजही संतापवते. ज्याने स्वतःच्या अंगावर अनुभव घेतला, त्याच्याहून मोठा साक्षीदार कोण?

नोव्हेंबरमध्ये मॅदरच्या घरात खिडकीतून बॉम्ब फेकला गेला. तो फुटला नाही. बॉयल्स्टनने टोचलेल्या दोनशे चाळीसेक जणांपैकी सहा मेले, म्हणजे शंभरात दोन-तीन. एरवी देवी आलेल्यांत शंभरामागे चौदा जात होते. पुढे डग्लसनेही टोचण्याची उपयुक्तता मान्य केली.