गर्भकालीन मधुमेह : उपचार आणि नवजात अर्भक

गरोदरपणात प्रथमच आढळलेली वाढीव रक्तशर्करा आहार, व्यायाम व औषधांनी आटोक्यात ठेवल्याने बाळावर होणारे परिणाम. आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जवळजवळ जात नाही. म्हणून जादा साखर जिरवण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन तयार करते, अशी मांडणी डॅनिश डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात केली. या इन्शुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते आणि प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती वाढते. नाळ कापताच साखरेचा पुरवठा तुटतो, पण बाळाचे इन्शुलिन लगेच ओसरत नाही. पहिल्या काही तासांतच त्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

सौम्य मधुमेहावर उपचार करावेत की नाही, यावर डॉक्टरांत दीर्घकाळ वाद होता. ऑस्ट्रेलियातील १,००० गर्भवतींच्या चाचणीने (२००५) त्याला ठाम उत्तर दिले : उपचारांमुळे बाळाचा मृत्यू, खांदा अडकणे, हाड मोडणे यांसारख्या गंभीर घटना ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या, ४ किलो किंवा त्याहून जड बाळे २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर. अमेरिकेतील २००९ च्या चाचणीतही जड बाळे आणि अडकलेले खांदे निम्म्याहून कमी झाले.

औषधांमध्ये इन्शुलिन सर्वांत भरवशाचे. मेटफॉर्मिन वार ओलांडते; तरी २००८ च्या चाचणीत नवजातांमधील गुंतागुंत मेटफॉर्मिन व इन्शुलिन या दोन्ही गटांत सारखीच होती, मात्र मेटफॉर्मिन घेणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांना जोडीला इन्शुलिन लागले. ग्लिबेनक्लामाइडने बाळे अधिक जड होतात व त्यांची साखर जास्त वेळा उतरते, म्हणून ते मागे पडले.

मधुमेह आधीपासूनच असेल तर उपचार गर्भधारणेपूर्वी सुरू व्हायला हवेत. बाळाचे हृदय आणि मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. तेव्हाच्या वाढीव साखरेने झालेले व्यंग पुढच्या उपचारांनी भरून निघत नाही.

भारतात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात. ती १४० मिग्रॅ/डेलि किंवा अधिक आल्यास आधी दोन आठवडे आहार सांभाळतात. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत आली नाही, तर औषध. ‘दोन जिवांची आहेस, भरपूर खा’ हा घरचा आग्रह इथे नडतो. पण धास्तीने उपाशी राहणेही तितकेच वाईट, त्याने बाळाची वाढ खुंटते. शिवाय आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना भारतीय नवजात वजनाने हलके, पण त्या मानाने चरबी टिकवून असलेले आढळले.

जन्मानंतर तासाभरात चिकाचे दूध पाजावे, बाळाला आईच्या अंगाशी उबेत ठेवावे आणि टाच टोचून साखर तपासत राहावी. बाळ ठणठणीत दिसले तरीही. ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यातील लठ्ठपणा गर्भकाळातील उपचारांनी घटतो, असे वर उल्लेखिलेल्या २००५ व २००९ च्या चाचण्यांतील मुलांच्या पुढील पाहणीत दिसलेले नाही.