पूर्वज नसलेली वस्तू

इंग्रजी उताऱ्यातले शब्द मोजणारा एक छोटा कार्यक्रम आपण जावास्क्रिप्ट भाषेत लिहायला घेतला आहे, असे समजू. एकेक शब्द उचलायचा आणि वहीत त्याची नोंद आहे का ते पाहायचे. नसेल तर १ लिहायचा, असेल तर आकडा एकाने वाढवायचा. ही वही म्हणजे जावास्क्रिप्टमधला 'ऑब्जेक्ट'. आपण त्याला वस्तू म्हणू. अनेक उतारे बिनबोभाट मोजले जातात. मग एखाद्या उताऱ्यात 'कन्स्ट्रक्टर' हा साधा इंग्रजी शब्द येतो आणि आकड्याऐवजी कुठल्याशा आज्ञावलीचा मजकूर उमटतो, त्याच्या शेपटीला १ चिकटलेला! हा शब्द आपण पूर्वी कधीच नोंदला नव्हता, तरी वही म्हणाली, 'आहे.' हजेरी घेताना पटावर नसलेले नाव पुकारावे आणि मागून कुणाच्या तरी आजोबांनी 'हजर' म्हणावे, तसा हा प्रकार.

हे आजोबा आले कुठून? नॉर्वेतील दाल आणि नीगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' पासून चालत आलेली रीत अशी की आधी साचा लिहायचा आणि मग त्यातून वस्तू काढायच्या. १९८६ साली डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात 'सेल्फ' ही भाषा आखली आणि साचाच काढून टाकला. त्यांच्या भाषेत एका वस्तूवरून दुसरी वस्तू बनते. विचारलेली गोष्ट तिच्यापाशी नसली, तर ती आपल्या पूर्वजाकडे बोट दाखवते. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचे पहिले रूप उभे केले, तेव्हा पेहराव जावाचा घेतला, पण हाडे सेल्फची ठेवली.

१९९७ च्या पहिल्या प्रमाणग्रंथात ही व्यवस्था नोंदली गेली. आपण तयार केलेल्या साध्या वस्तूंच्या साखळीच्या टोकाला एक सामाईक मूळ पूर्वज असतो आणि 'कन्स्ट्रक्टर' किंवा 'टू स्ट्रिंग' यांसारखी नावे त्याच्याकडे असतात. गंमत अशी की या मूळ पूर्वजाला स्वतःला पूर्वज नाही. म्हणजे बिनपूर्वजाची वस्तू भाषेत होतीच. फक्त तशी दुसरी बनवण्याची सोय भाषेच्या प्रमाणात नव्हती.

लोकांनी नाना उपाय केले. कुणी प्रत्येक शब्दाआधी एखादे चिन्ह जोडून ठेवी. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'ही नोंद तुझी स्वतःची का?' असे विचारायची सोय आली, पण ती सोयही पूर्वजाकडूनच मिळालेली. सोयीचे जे नाव, त्याच नावाची नोंद वहीत झाली की प्रश्नच बंद पडे. नवी वस्तू बनवताना पूर्वजाच्या जागी 'काही नाही' असे सांगून पाहिले, तर भाषा मुकाट्याने तो मूळ पूर्वजच चिकटवी. नेटस्केपच्या घराण्यातील ब्राउझरांत 'प्रोटो' या चोरवाटेने नाते तोडता येई. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरात ती वाट २०१३ पर्यंत नव्हती.

शेवटी डिसेंबर २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीने 'ऑब्जेक्ट डॉट क्रिएट' ही आज्ञा दिली. तिच्या कंसात 'नल', म्हणजे 'काही नाही', लिहिले की खरोखर कोरी वही हाती येते. अर्थात आजोबांबरोबर त्यांची मदतही जाते. अशी वस्तू वाक्यात जोडायला गेलो, तर स्वतःला अक्षरांत कसे मांडावे हे तिला ठाऊक नसते आणि कार्यक्रम थांबतो. हा सौदा आम्हांला महाग वाटत नाही.

कारण प्रश्न केवळ शब्दमोजणीचा नाही. बाहेरून आलेल्या माहितीत 'प्रोटो' नावाची नोंद मुद्दाम पेरली आणि ती बेसावध आज्ञावलीने उतरवून घेतली, तर लेखणी थेट मूळ पूर्वजावर चालते. तिथे कुणी 'व्यवस्थापक: होय' असे लिहिले, की त्याचे वंशज असलेल्या सगळ्या वस्तू विचारताच 'होय' म्हणू लागतात. असंख्य संकेतस्थळांवर वापरल्या जाणाऱ्या जेक्वेरी या संग्रहात हीच फट होती. ती एप्रिल २०१९ मध्ये बुजवली गेली. नोड या प्रणालीने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासूनच पत्त्यातील प्रश्नभाग वाचून मिळणारी वस्तू बिनपूर्वजाची केली होती. २०१५ मध्ये नोंदवहीसाठी 'मॅप' हा वेगळा प्रकारही भाषेत आला. जेसन मजकूर वाचून मिळणारी वस्तू मात्र आजही आजोबांना बरोबर घेऊनच येते.