मिलच्या गेटापासून घरापर्यंत

आजी पगाराच्या दिवसाची गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या बोलण्यात दारूपेक्षा रस्ताच जास्त यायचा. सोलापूरच्या जुन्या मिलचा भोंगा झाला की माणसं सुटायची. गेटापासून चाळीपर्यंतच्या वाटेवर आधी सावकार, मग गुत्ता, मग उधारीचा वाणी. घर सगळ्यांत शेवटी. म्हणून बायका पोरं कडेवर घेऊन थेट गेटाशीच जाऊन उभ्या राहायच्या. ‘माणूस वाईट नव्हता गं, वाट वाईट होती,’ असं ती आजोबांबद्दल म्हणायची.

तिच्या वडिलांकडून आलेली गोष्ट त्याही आधीची, 1930 ची. गांधीजींना अटक झाली आणि 8 मे रोजी लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला निघाले. शिंदीच्या शेंड्याशी खाच पाडून मडकं बांधतात. रात्रभर ठिबकलेला रस पहाटे गोड लागतो. ऊन चढेल तसा आंबतो आणि डोक्यात जातो. त्यावर सरकारला अबकारी मिळायची, त्यामुळे कुऱ्हाड झाडावर पडली तरी घाव तिजोरीला बसायचा. पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे गेले. पुढे शहरात मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. या चार हुतात्म्यांची नावं सोलापुरात पोरासोरांना पाठ असतात. 8 मेच्या त्या दिवशी लोक शिंदी तोडायला निघाले होते, हे मात्र मला घरातच कळलं. पिणाऱ्याला उपदेश करत न बसता ती माणसं दारू जिथून येते तिथे गेली, याचं मला फार मोल वाटतं.

1949 मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. पण आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगत, की गुत्ता गेला तशी ओढ्याकाठी हातभट्टी आली. गूळ आणि नवसागर घालून आंबवलेल्या रसायनाची पिंपं पोलीस फोडायचे. थोड्याच दिवसांत नवी लागायची. पिंपामागच्या घराला पोट होतं, त्याची सोय कुणीच केलेली नसायची.

ती सोय लावण्याचा प्रयत्न 2021 मध्ये झाला. ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. शहराजवळच्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर छापे चालू राहिलेच. शिवाय अधिकाऱ्यांनी गावं दत्तक घेतली, भट्टीवाल्या कुटुंबांशी बसून बोलणी केली, बायकांना शिवणकामासारखी कामं मिळवून दिली. तयार कपड्यांचा मोठा धंदा असलेल्या सोलापुरात शिलाई मशीन म्हणजे खरा रोजगार. पिढ्यान्‌पिढ्या बदनामी सोसलेल्या तांड्याला कुणीतरी ‘दुसरं काय करता येईल?’ असं विचारलं, हेच मला मोठं वाटतं.

आज गावातल्या किंवा प्रभागातल्या पाव महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. पण ‘आडवी बाटली’ म्हणजे बंदीची बाजू जिंकायला मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मजुरी बुडवून रांगेत न येऊ शकलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. हद्दवाढीतल्या नव्या वसाहतींचे नकाशे आखतानाच शाळा कुठे, बसथांबा कुठे, संध्याकाळी पोरांनी खेळायचं कुठे, हे त्या बाईला विचारा. दुकानाचं शटर वर गेल्यावर नाही.