'विंडोज काढ, लिनक्स टाक': जुन्या कॉम्प्युटरवरचा हा सल्ला कितपत खरा?

१४ ऑक्टोबर २०२५. या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम दहा वर्षं घराघरांत, झेरॉक्सच्या दुकानांत, सीएच्या ऑफिसात आणि सोसायटीच्या कार्यालयात चालली. पनवेलच्या बाजारपेठेत फेरी मारली तरी अशी मशीन्स सहज दिसतील. यातली बरीचशी व्यवस्थित चालतात, पण विंडोज ११ घ्यायला नकार देतात.

अशा वेळी ओळखीतला कॉम्प्युटरचं वेड असलेला एखादा मित्र हमखास सांगतो, "विंडोज काढ, लिनक्स टाक. मशीन पळायला लागेल." दुसरा म्हणतो, "डबडं झालंय ते, नवीन घे." दोघांचंही थोडं खरं आहे. पण दोघंही एक प्रश्न विचारायला विसरतात: या कॉम्प्युटरवर काम काय होतं?

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

कॉम्प्युटर बंद पडला नाही. फाइल्सही कुठे गेल्या नाहीत. थांबले ते सिक्युरिटी अपडेट. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चुका सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. आता विंडोज १० मध्ये नवी चूक सापडली, तर ती आपोआप बुजवली जाणार नाही.

याने काय होऊ शकतं, हे पनवेलच्या शेजारी उरण तालुक्याने पाहिलं आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या सिस्टीम कोलमडल्या आणि जेएनपीटी बंदरात याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. हा व्हायरस पसरायचे मार्ग एकापेक्षा जास्त होते. त्यातला एक होता विंडोजमधली जुनी चूक, जिच्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. म्हणजे औषध तीन महिने आधी आलेलं होतं, पण सगळ्यांनी घेतलं नव्हतं.

विंडोज ११ जुन्या मशीनवर का चढत नाही?

इथे अडचण वेगाची नाही, नियमांची आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. एवढं बऱ्याच जुन्या मशीनमध्ये असतं. अडतं ते दोन गोष्टींवर.

पहिली म्हणजे प्रोसेसर. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडी रायझनच्या २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणं सोपं आहे. 'आय५-७२००यू' असं लिहिलं असेल तर रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. 'आय५-८२५०यू' म्हणजे आठवी.

दुसरी म्हणजे टीपीएम २.०. पासवर्ड आणि कुलूपबंद डेटाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ही सोय कधी वेगळ्या चिपमध्ये असते, तर कधी प्रोसेसरमध्येच. गंमत म्हणजे अनेक मशीनमध्ये ती असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. त्यामुळे 'होत नाही' असा मेसेज आला तरी आधी बायोस तपासावं. इंटेलमध्ये ती पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडते.

मशीन स्लो आहे, मग दोष कोणाचा?

बऱ्याचदा विंडोजचा नाही, हार्ड डिस्कचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई डेटा शोधत हिंडते. तिचा वेग सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी असतो. साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास जाते. शिवाय सुई हलायची नसल्याने छोट्या छोट्या फाइल्स शोधताना फरक कितीतरी जास्त जाणवतो. कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा वेळ म्हणूनच मिनिटांवरून सेकंदांवर येतो.

हार्डवेअरची हौस असलेले लोक एका मुद्द्यावर सहसा भांडत नाहीत: जुन्या मशीनवर पैसे घालायचे तर आधी एसएसडी, मग रॅम. ऑपरेटिंग सिस्टीमचा वाद त्यानंतर.

लिनक्स म्हणजे काही तरी अवघड प्रकरण आहे का?

हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याचा गाभा लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या ५०० सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्सही बनवलं आहे.

पनवेलमध्येच हिरानंदानी समूहाचं योट्टा एनएम१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. ७,२०० रॅक बसतील एवढी त्याची क्षमता सांगितली गेली. अशा डेटा सेंटरांमधल्या क्लाउडच्या जगात लिनक्सचंच राज्य आहे. वेबसाइट उघडली, व्हिडिओ पाहिला, की पलीकडे बहुतेक वेळा तेच काम करत असतं.

घरच्या वापरासाठी लिनक्स मिंट हा नवख्यांना नेहमी सुचवला जाणारा पर्याय. त्याला किमान २ जीबी आणि आरामात चालायला ४ जीबी रॅम लागते. ते फुकट आहे. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, लेटर टाइप करणं, एक्सेलसारखं काम, हे सगळं त्यावर होतं. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डही चालतो.

मग अडतं कुठे?

अडतं ते एखाद्याच सॉफ्टवेअरवर. डीटीपीच्या दुकानाचं उदाहरण घ्या. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर. अनेक ठिकाणी हे काम आजही श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरमध्ये होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ सालची, युनिकोड न समजणारी. ही सगळी साधनं अशा दुकानांत विंडोजवर चालतात. लिनक्स टाकलं तर पंधरा वर्षांच्या फाइल्स उघडायच्या कशा, हा प्रश्न उभा राहतो.

टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्यांचं तसंच. टॅली विंडोजसाठी आहे. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लागतो, काही स्कॅनर-प्रिंटरना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. इथे 'लिनक्स टाक' हा सल्ला धंदा बंद पाडू शकतो.

मग करायचं काय?

• आधी यादी करा. ज्याशिवाय काम थांबेल अशी सॉफ्टवेअर आणि मशीन्स कोणती, ते लिहून काढा. यादीत फक्त ब्राउझर असेल तर लिनक्सला अडचण नाही.

• न काढता वापरून पाहा. लिनक्स पेन ड्राइव्हवरून थेट चालवता येतं. वाय-फाय, प्रिंटर, आवाज, मराठी टायपिंग तपासा. इन्स्टॉल करण्याआधी डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या.

• विंडोज सोडता येत नसेल तर मुदत घ्या. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना आणली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर असे पर्याय दिले गेले.

• जुन्या फॉन्टचं काम वेगळं ठेवा. ज्या मशीनवर जुनं विंडोज ठेवणं भागच आहे, त्याचं इंटरनेट काढा. त्यावर फक्त डीटीपी करा. बँकिंग, ईमेल दुसऱ्या मशीनवर. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी दुसरीकडे स्कॅन करा आणि नवं काम हळूहळू युनिकोडमध्ये न्या.

• टाकून द्यायचाच असेल तर डिस्क पुसल्याशिवाय देऊ नका. फाइल डिलीट केली म्हणजे डेटा गेला असं होत नाही. आणि भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

थोडक्यात, विंडोज चांगलं की लिनक्स, हा वाद चहाच्या टपरीवर रंगतो. पण दुकानाचं शटर उघडल्यावर उपयोगी पडते ती कामाची यादी. आधी ती करा, सिस्टीम त्यावरून ठरेल.