गुप्तरोग ते गोपनीयता : महाराष्ट्रातील लैंगिक आजारांच्या तपासणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर मानपाडा आहे आणि डोंबिवलीतही मानपाडा रस्ता आहे. हे दोन्ही परिसर नोकरदार मध्यमवर्गाच्या आणि स्थलांतरित कामगारांच्या वस्तीने वाढले. मुंबईशी त्यांचे नाते रोजच्या प्रवासाचे आहे. मात्र लैंगिक आजारांचा विषय निघाला की हे नाते विसरले जाते. हे आजार 'तिकडचे', म्हणजे कामाठीपुऱ्याचे, ट्रकचालकांचे किंवा परप्रांतीयांचे, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही आढळतो. आजार आपला नाही असे एकदा ठरले, की तपासणीचीही गरज उरत नाही.

या समजाला मोठा इतिहास आहे. लैंगिक आजारांना मराठीत दीर्घकाळ 'गुप्तरोग' म्हटले गेले. रोगाचे कारण, लक्षण किंवा उपचार यांपैकी काहीही न सांगता केवळ तो लपवला जातो एवढेच सांगणारे हे नाव आहे. लपवण्याच्या या वृत्तीला शासनाने, सुधारकांनी आणि न्यायसंस्थेने वेळोवेळी कसा प्रतिसाद दिला आणि त्यातून तपासणीचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परक्याचा रोग

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात 'फिरंगरोगा'चे वर्णन येते. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर पसरलेल्या या रोगाला फिरंग्यांचे नाव मिळाले. युरोपातही याच काळात इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच लोक त्याचे खापर नेपल्सवर फोडत. रोग दुसऱ्याच्या नावावर टाकण्याची ही रीत जगभर सारखीच दिसते. मराठी बोलीत सिफिलिसला 'गर्मी' आणि गनोरियाला 'परमा' ही नावे रूढ झाली. घरात मात्र ती उच्चारली जात नसत.

सक्तीची तपासणी : 1870 ते 1888

मुंबईतील संघटित तपासणीचा पहिला प्रयोग आरोग्यासाठी कमी आणि लष्करासाठी अधिक होता. गोऱ्या सैनिकांमध्ये लैंगिक आजारांचे प्रमाण मोठे असल्याने 1864 च्या छावणी कायद्यान्वये लष्करी छावण्यांत वेश्यांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. पुढे 1868 चा संसर्गजन्य रोग कायदा संमत झाला आणि 1870 मध्ये तो मुंबई शहराला लागू करण्यात आला. या कायद्यान्वये वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीला नाव नोंदवावे लागे, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागे आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात बंदिस्त राहावे लागे. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषांची तपासणी करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नव्हती.

परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. पोलिसांच्या हाती गेलेली ही व्यवस्था टाळण्यासाठी स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या आणि वस्ती बदलू लागल्या. खर्चाच्या वाट्यावरून नगरपालिका व सरकार यांच्यात वाद झाला आणि 1872 मध्ये मुंबईतील अंमलबजावणी थांबली. 1880 मध्ये ती पुन्हा सुरू करण्यात आली. दरम्यान, इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर यांच्या नेतृत्वाखाली अशाच कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. तेथील कायदे 1886 मध्ये आणि भारतातील कायदा 1888 मध्ये रद्द झाला. अठरा वर्षांच्या या प्रयोगातून तपासणीविषयीची भीती तेवढी मागे उरली.

विज्ञानाची साथ आणि कर्वे यांचा एकाकी लढा

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र बदलले. 1905 मध्ये सिफिलिसचा जंतू सापडला, 1906 मध्ये वासरमन यांची रक्तचाचणी आली आणि 1910 मध्ये साल्व्हरसान हे औषध उपलब्ध झाले. रक्तचाचणीचे महत्त्व विशेष होते. सिफिलिसची प्रारंभीची जखम उपचाराविनाही भरून येते, त्यामुळे रुग्ण स्वतःला बरा झाला असे समजतो, परंतु रोग शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा हा रोग रक्तात मात्र दिसू लागला. म्हणजे लक्षणे नसतानाही तपासणी का करावी, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने शंभर वर्षांपूर्वीच दिले होते.

हे ज्ञान मराठी वाचकांपर्यंत नेण्याचे काम रघुनाथ धोंडो कर्वे (1882–1953) यांनी केले. विल्सन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक असलेल्या कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना 1925 मध्ये नोकरी सोडावी लागली. 'गुप्त रोगांपासून बचाव' हे स्वतंत्र पुस्तक त्यांनी लिहिले. जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत राहिले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी हे मासिक चालवले. रोग हा पापाची शिक्षा नसून जंतुसंसर्ग आहे आणि त्याला प्रतिबंध व उपचार आहेत, ही त्यांची भूमिका होती.

या स्पष्टपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. अश्लीलतेच्या आरोपावरून 1931 मध्ये त्यांना दंड झाला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये पुन्हा खटला झाला. त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, तरीही त्यांना 200 रुपये दंड झाला. वसाहती शासनाने स्त्रीच्या शरीराची सक्तीने तपासणी केली होती. त्याच शासनाच्या न्यायालयाने आता शरीराविषयीच्या माहितीला अश्लील ठरवले. तपासणी सक्तीने करावी परंतु त्याविषयी बोलू नये, अशी ही विसंगती होती.

एचआयव्ही आणि सक्तीची पुनरावृत्ती

1943 मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झाले आणि लैंगिक आजारांची भीती काही काळ ओसरली. 1986 मध्ये चेन्नई येथे एचआयव्हीचे भारतातील पहिले रुग्ण आढळल्यावर ती अधिक तीव्रतेने परतली. 1870 मधील मार्गही तिच्याबरोबर परत आला.

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ते नियमित रक्तदाते होते. त्यांनी दान केलेल्या रक्ताची तपासणी झाली आणि फेब्रुवारी 1989 मध्ये त्यांना पोलिसांकरवी नेऊन म्हापसा येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत 64 दिवस एकटे ठेवण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद करण्यात आली होती. त्यांची आई लुसी डिसोझा यांनी दाद मागितली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने अलग ठेवण्याची तरतूद वैध मानली. रक्तदानासारखे सत्कार्य करणाऱ्याची तपासणीमुळे अशी अवस्था होत असेल, तर स्वतःहून तपासणीस कोण येणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. 1992 मध्ये डॉमिनिक यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या 'पॉझिटिव्ह पीपल' या संस्थेचे कार्य पुढेही सुरू राहिले.

याच न्यायालयाने 1997 मध्ये वेगळी दिशा दाखवली. केवळ एचआयव्ही बाधित असल्याच्या कारणावरून एका सार्वजनिक महामंडळाने हंगामी कामगाराला कामापासून दूर केले होते. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ या कारणावरून रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. या खटल्यात अर्जदाराचे नाव गुप्त ठेवण्यास अनुमती मिळाली आणि नावाऐवजी केवळ अक्षरे वापरण्यात आली. येथे गुप्ततेचा अर्थच बदलला. रोग लपवण्यासाठी नव्हे, तर व्यक्तीचे संरक्षण करण्यासाठी ती वापरली गेली.

सहभागातून संमतीकडे

याच काळात सांगली येथे 'संग्राम' (1992) आणि त्यातून उभ्या राहिलेल्या 'व्हॅम्प' (1996) या संघटनेने नवा मार्ग घालून दिला. लॉक हॉस्पिटलच्या व्यवस्थेत जी स्त्री केवळ तपासणीचा विषय होती, ती येथे आरोग्य कार्यकर्ती बनली. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या वस्तीत निरोध वाटपाचे आणि आरोग्य शिक्षणाचे काम हाती घेतले.

शासकीय पातळीवर 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. पुढे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांचे जाळे शासकीय रुग्णालयांत उभे राहिले. येथे चाचणी विनामूल्य होते. चाचणीपूर्वी व चाचणीनंतर समुपदेशन केले जाते. 2017 च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करण्यास व अहवाल उघड करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यासही प्रतिबंध केला. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. 1868 आणि 2017 हे दोन्ही कायदे तपासणीसंबंधीच आहेत; एकाने संमती नाकारली, तर दुसऱ्याने तिला पायाभूत मानले.

समारोप

या इतिहासातून एक सूत्र स्पष्टपणे पुढे येते. सक्ती आणि मानहानी यांनी तपासणी वाढली नाही, रोग मात्र अधिक खोल लपला. विश्वास, संमती आणि गोपनीयता जेथे मिळाली तेथे माणसे स्वतःहून पुढे आली. गुप्तरोग आणि गोपनीयता हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत, परंतु पहिल्यात लाज आहे आणि दुसऱ्यात हक्क आहे.

हक्क मिळाला तरी त्याचा वापर होईलच असे नाही. क्लॅमिडिया व गनोरिया यांची लक्षणे स्त्रियांमध्ये अनेकदा दिसतच नाहीत आणि उपचाराअभावी त्यातून वंध्यत्व येऊ शकते. गर्भवतीच्या सिफिलिसचे वेळीच निदान झाल्यास बाळाला वाचवता येते. संसर्गानंतर लगेच केलेली एचआयव्ही चाचणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून ठरावीक अंतराने ती पुन्हा करावी लागते. एकाच जोडीदारावर उपचार केल्यास संसर्ग परतू शकतो. या साध्या गोष्टी पदवीधर तरुणांनाही अनेकदा ठाऊक नसतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील महाविद्यालयांमध्ये दरवर्षी 1 डिसेंबर रोजी जागतिक एड्स दिनाच्या फेऱ्या निघतात, घोषवाक्य स्पर्धा होतात. परंतु विद्यार्थ्याला खरी शंका असते तेव्हा तो कोणाकडे जातो, हा प्रश्न प्राध्यापक वर्गाने स्वतःला विचारला पाहिजे. नजीकच्या चाचणी केंद्राचा पत्ता आणि 1097 हा शासकीय मदत क्रमांक सूचना फलकावर लावणे, शंका विचारणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी न करणे आणि त्याचे बोलणे स्वतःपुरते ठेवणे, एवढे प्रत्येक शिक्षकाला शक्य आहे. कर्वे यांना एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. आजच्या शिक्षकाला त्यासाठी केवळ वर्गात किंवा कक्षात थोडा वेळ द्यावा लागतो.